विकतचा डबा आणि फुकटची यादी: दोन्ही वर्गात वापरून झाल्यावर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. डबा घेऊ नका, यादी उतरवून घ्या. यादीला पाचपैकी चार तारे. डब्याला दीड, आणि तोसुद्धा आतल्या वाळूच्या घड्याळामुळे. घड्याळ खरंच चांगलं आहे.

डबा म्हणजे ‘विद्यार्थ्यांची विचारशक्ती वाढवणारा कृतिसंच’ असं झाकणावर ठसठशीत छापलेला, लॅमिनेट केलेल्या कार्डांचा संच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जातीचे डबे बरेच जण काढतात आणि दोनचार चाळले की आतला माल एकाच छापाचा निघतो. शाळेत तो आला आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे आपसूक माझ्या गळ्यात पडला. यादी म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ या संशोधन प्रकल्पाची थिंकिंग रूटीन्स, म्हणजे मुलांना विचार करायला लावणाऱ्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या लहान कृती. ती त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. एकेका रूटीनला एकदोन पानं. ते कशासाठी, कुठे वापरायचं, सुरुवात कशी करायची, एवढंच लिहिलेलं. सहावी ते आठवीला मी विज्ञान आणि गणित शिकवते, आणि कोणी रजेवर गेलं की भाषेचा नाहीतर भूगोलाचा तासही माझ्याच वाट्याला येतो. त्यामुळे दोन्ही गोष्टी सगळ्या विषयांत फिरवून बघता आल्या.

डब्याचं आधी उरकते. कार्डांना विषयवार रंग दिलेत: विज्ञान हिरवं, गणित निळं, भाषा पिवळी. प्रत्येक कार्डावर वेगळी कृती, वेगळे नियम, वेगळी गुणपद्धत. नियम समजावण्यातच तासाचा चांगला तुकडा जातो, मुलांना ते कुठे अंगवळणी पडतात तोवर कार्ड संपतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. एका हिरव्या कार्डावर लिहिलंय, ‘गटात चर्चा करा: जहाज का तरंगते?’ आणि पाठीमागे बारीक टाइपात उत्तर! सहावीच्या मुलाच्या हातात कार्ड दिल्यावर तो पहिल्यांदा काय करतो, हे छापणाऱ्याने कधी बघितलेलं दिसत नाही. तो कार्ड उलटतो. मग गटात ‘चर्चा’ होते, म्हणजे एकजण मागची ओळ वाचून दाखवतो आणि बाकीचे चौघं मान डोलावतात. लांबून बघणाऱ्याला वर्ग रंगात आलाय असंच वाटेल. मुलं गोल करून बसलेली, हात हलताहेत, आवाज चाललाय. फोटो तर फारच छान येतो.

प्रोजेक्ट झिरो १९६७ साली तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागात सुरू केला. कलाशिक्षणाबद्दल खात्रीने सांगता येईल असं आपल्या हाती आज काय आहे, तर शून्य, असं त्यांचं म्हणणं; म्हणून नावातच शून्य. कामाची सुरुवात अशा कबुलीने करणारी माणसं मला विश्वासाची वाटतात. पुढे डेव्हिड पर्किन्स, शारी टिशमन, रॉन रिचहार्ट वगैरे मंडळींनी मुलांचा विचार डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल असा बाहेर कसा आणायचा यावर काम केलं. त्यातलं सुरुवातीचं बरंचसं स्वीडनमधल्या लेमशागा अकादमी या शाळेत झालं. या लहान लहान रूटीन्स त्यातून आल्या.

एकेक रूटीन वाचायला घेतली तर वाटतं, यात काय आहे? तीन प्रश्न! सगळ्यात प्रसिद्ध ‘सी, थिंक, वंडर’. मी वर्गात तिला ‘दिसतं, वाटतं, पडतो प्रश्न’ म्हणते. एखादी वस्तू किंवा चित्र समोर ठेवायचं. पहिल्यांदा फक्त काय दिसतंय ते सांगायचं, मग त्यावरून काय वाटतंय, मग कुठला प्रश्न पडतोय. मीही पहिल्यांदा नाक मुरडलं होतं. मग सातवीच्या वर्गात टेबलावर बर्फाच्या पाण्याने भरलेला काचेचा ग्लास ठेवला आणि गप्प बसले.

‘काय दिसतंय?’
‘पाणी झिरपतंय, बाई.’
‘झिरपताना दिसतंय?’

इथे वर्ग थबकला. कोणीतरी म्हणालं, नाही, बाहेरच्या बाजूला थेंब दिसताहेत, झिरपतंय असं वाटतंय. झालं, हीच ती जागा. फळ्यावर ‘दिसतं’च्या खाली थेंब आले, थेंब वरपेक्षा खाली जास्त आहेत हे आलं, ग्लासखालचा कागद ओला झालाय हे आलं, आणि पाण्याच्या पातळीच्या वर थेंब जवळजवळ नाहीतच, हे एका मुलीने पार पुढे येऊन, नाक ग्लासला लावून सांगितलं. हे मलाही ठाऊक नव्हतं. मी कधी इतकं निरखून बघितलंच नव्हतं. ‘वाटतं’च्या खाली काचेला बारीक भोकं आहेत, थंडी बाहेर येऊन तिचं पाणी होतं, हवेतलं पाणी चिकटतं, असे तीन पक्ष पडले.

आता खरी मजा. भोकंवाल्यांना खोटं पाडायला एकाने सुचवलं, ग्लासात शाई टाका. टाकली. बाहेरचे थेंब स्वच्छ. पुस्तकी कृती इथेच संपते: निष्कर्ष, बाष्प हवेतलं, वहीत लिहा. पण भोकंवाला हार मानेना. तो म्हणाला, शाई आतच अडकत असेल, चाळणीत पीठ खाली पडतं आणि कोंडा वर राहतो तशी. मी मनातल्या मनात त्याला दाद दिली, कारण मुद्दा बिनतोड होता. मग वजनाची कल्पना निघाली. पाणी आतलंच बाहेर आलं असेल तर ग्लासासकट सगळ्याचं वजन तेवढंच राहायला हवं. हवेतून आलं असेल तर वाढायला हवं. पुढच्या तासाला झाकण घट्ट लावलेली थंडगार बाटली कोरडी पुसून डिजिटल काट्यावर ठेवली. बर्फ मुद्दामच नव्हता, कारण बर्फ वितळल्यावर वजन बदलत असेल अशीही एक शंका आली होती आणि ती तेव्हा मिटवायला वेळ नव्हता. काट्याकडे बघण्याआधी प्रत्येकाला वहीत आपलं भाकीत लिहायला लावलं. ही युक्ती या यादीतली नाही. भाकीत, निरीक्षण, स्पष्टीकरण या पद्धतीवर विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांनी लिहिलंय, आणि ती कुठल्याही प्रयोगाला जोडता येते. लिहून दिलेलं असलं की ‘मला आधीच माहीत होतं’ म्हणायची सोय राहत नाही. काही मिनिटांत आकडा ग्रॅमभर सरकला, मग आणखी एक ग्रॅम. भोकंवाला स्वतः उठून काट्यापाशी येऊन उभा राहिला.

(करून बघणार असाल तर हवा दमट असलेला दिवस निवडा. कोरड्या हवेत काटा हलत नाही आणि भोकंवाले जिंकतात.)

एवढ्यावरून मी यादीला चार तारे दिले नसते. विज्ञानात निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवायचं हे काही नवीन नाही. तारे दिले ते पुढच्या गोष्टीसाठी. भूगोलाच्या बदली तासाला अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी ७ डिसेंबर १९७२ ला सुमारे २९ हजार किलोमीटरवरून काढलेला पृथ्वीचा फोटो दाखवला. तो आपण सगळीकडे बघतो, पण मूळ फोटोत दक्षिण वर आहे. छापताना तो फिरवतात. मी मूळचाच लावला. ‘फोटो उलटा आहे’ असा गलका झाला, आणि मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, ‘उलटा आहे हे दिसतंय की वाटतंय?’ विचारणारा तोच भोकंवाला. मग ढग दिसतात, खालच्या बाजूला आफ्रिकेचा आकार दिसतो, वरच्या टोकाला पांढरा पट्टा दिसतो, इथवर सगळे आले, आणि ‘वर’ म्हणजे काय यावर गाडी अडली. अवकाशात वर कुठली दिशा? नकाशात उत्तर वर ठेवायचं कोणी ठरवलं? तिसऱ्या रकान्यातले हे दोन प्रश्न मला भूगोलाच्या पुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा जास्त आवडले.

नंतर भाषेच्या तासालाही तेच. धड्यातला म्हातारा मुलाच्या पत्राची घडी न उघडता खिशात ठेवतो. एक मुलगी म्हणाली, त्याला राग आलाय. शेजारचीने विचारलं, कुठे लिहिलंय? पहिलीने धडा पुन्हा वाचला, राग कुठेच लिहिलेला नव्हता, पण आधीच्या परिच्छेदात पोस्टमनला बघून तो दारापर्यंत धावत गेला होता. धावत गेला आणि उघडलं नाही. म्हणजे भीती असेल. हे दोघींचं आपसात झालं. मी खुर्चीत होते.

रंगीत डब्याला हे जमत नाही, आणि कार्डं वाईट आहेत एवढंच त्याचं कारण नाही. काही काही बरी आहेत. पण हिरव्या कार्डावरची कृती पिवळ्यात येत नाही, त्यामुळे मूल ती सोबत घेऊन जाऊ शकत नाही. यादीतलं रूटीन इतकं लहान असतं की आठवडाभरात पाठ होतं, आणि पाठ झालं की मुलं ते तुमच्या परवानगीशिवाय वापरायला लागतात. कृती एकदाची असेल तर मुलांना ती कृतीच लक्षात राहते, आतला प्रश्न राहत नाही. माझ्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे.

दुसरी आवडती म्हणजे ‘क्लेम, सपोर्ट, क्वेश्चन’: दावा, आधार, शंका. गणितात हिच्याइतकं कामाचं काही मला सापडलेलं नाही. फळ्यावर दावा लिहिला: ‘क्षेत्रफळ कमी झालं की परिमितीही कमी होते.’ वर्गातले जवळजवळ सगळे हात ‘बरोबर’ला वर. आधार मागितला तर लहान चौरस, मोठा चौरस, उदाहरणांचा पाऊस. मग प्रत्येकाला चौकटीच्या कागदाचा १० बाय १० चा चौरस कापायला दिला. परिमिती ४०, क्षेत्रफळ १००. आता कोपऱ्यातून २ बाय २ चा तुकडा कापा. क्षेत्रफळ ९६. परिमिती?

मोजणी सुरू झाली आणि कुजबुज वाढली. ४०! पुन्हा मोजली, पुन्हा ४०. कापलेल्या दोन बाजू गेल्या आणि आत तेवढ्याच दोन नव्या आल्या. एकीने ठरवलं की आपलंच कापणं चुकलं आणि नवीन कागद मागितला. तेवढ्यात कोणीतरी कोपरा सोडून कडेच्या मधोमध तसाच तुकडा कापला आणि ओरडला, ‘बाई, माझी ४४ झाली!’ कागद कमी झाला आणि कड वाढली. मग कात्र्या थांबेनात. कडेला दाते पाडत पाडत कोणाची परिमिती किती वाढते याची चढाओढ लागली आणि शेवटी शंकेच्या रकान्यात प्रश्न आला: किती वाढवता येईल याला काही शेवट आहे का? सातवीत याचं पूर्ण उत्तर देता येत नाही. मी दिलंही नाही. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवला आणि पुसू नये असं लिहिलं.

‘टग ऑफ वॉर’ भाषेच्या तासाला घेतली. दोरी आडवी बांधायची, दोन टोकांना दोन परस्परविरोधी बाजू, आणि कारणांच्या चिठ्ठ्या चिमट्यांनी दोरीवर लावायच्या. कारण जितकं भक्कम तितकं टोकाजवळ, लेचंपेचं असेल तर मध्याकडे. एका टोकाला ‘थेंबे थेंबे तळे साचे’, दुसऱ्या टोकाला ‘दात कोरून पोट भरत नाही’. दोन्ही म्हणी मुलांना पाठ, निबंधात दोन्ही बिनदिक्कत वापरलेल्या, आणि या एकमेकींच्या विरुद्ध जातात हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. चिठ्ठी लावणं सोपं. ती कुठे लावायची यावर खरी जुंपते. ‘रोज एक पान वाचलं तर वर्षात पुस्तकं होतात’ ही चिठ्ठी एकाने टोकाला लावली, दुसऱ्याने मध्याकडे ओढली, म्हणाला, परीक्षा उद्या असेल तर? मग ‘असं असेल तर?’च्या चिठ्ठ्या आल्या. तळ्याला खाली गळती असेल तर? थेंब टाकणारे हजार असतील तर? तहान आत्ता लागली असेल तर? तासाच्या शेवटी कुठली म्हण खरी यावर निकाल लागला नाही, पण कुठली कधी वापरायची यावर वर्गाचं बऱ्यापैकी एकमत झालं. निबंधात म्हणी घाला, त्याने गुण वाढतात, असं आम्ही मुलांना सांगत आलोय. म्हणी अशाही तपासता येतात हे माझ्यासाठीही नवीन होतं.

‘चॉक टॉक’वर थोडं, कारण ती न बोलणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या कागदाच्या मध्ये प्रश्न लिहायचा आणि पूर्ण शांततेत सगळ्यांनी त्यावर लिहायचं, एकमेकांच्या वाक्यांना बाण काढून उत्तरं द्यायची. वर्षभर ज्यांचा आवाज ऐकू आला नाही अशा मुलांची वाक्यं इथे वाचायला मिळतात. शिवाय डोकं दुखत असेल त्या दिवशी हिच्यासारखी कृती नाही. बाकी यादीतल्या ‘हेडलाइन्स’ आणि ‘३-२-१ ब्रिज’ ठीक आहेत. उजळणीला चालतात, त्यापलीकडे मला फार काही हाती लागलं नाही.

आता याच कामासाठी बाजारात आणि शिक्षकांच्या गप्पांत असलेल्या इतर गोष्टींशी तुलना, कारण विचारणारे विचारतातच.

घड्याळ लावून गुण देणारी क्विझ अ‍ॅप्स: मुलं खूश, शुक्रवारचा शेवटचा तास निघतो. पण आधी बटण दाबणाऱ्याला जास्त गुण हा नियमच विचाराच्या मुळावर येतो. पाठांतर तपासायला वापरा, बंदी घालायची गरज नाही.

पीअर इन्स्ट्रक्शन: हिला माझं पूर्ण मत. हार्वर्डमधलेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली. एक बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायचा प्रयत्न करायचा, मग पुन्हा मत. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल तर चर्चा कामाची ठरते. त्याखाली असेल तर आधी शिकवायला हवं, वर असेल तर पुढे चला. मत घ्यायला प्लिकर्सची कागदी कार्डं पुरतात. चौकोनी छापील ठसा, कार्ड फिरवलं की वरची बाजू ए, बी, सी किंवा डी होते, आणि शिक्षकाच्या एका फोनच्या कॅमेऱ्यातून सगळ्या वर्गाची मतं वाचली जातात. मुलांच्या हातात यंत्र नको आणि शेजाऱ्याचं बघून हात वर करणं नको. अवघड एवढंच की चांगला प्रश्न तयार करायला तुमची संध्याकाळ जाते. ज्याचे चुकीचे पर्यायही खरे वाटतील असा प्रश्न लागतो.

जिगसॉ: धड्याचा एकेक तुकडा एकेकाने शिकून गटातल्या बाकीच्यांना शिकवायचा, ही पद्धत. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये पहिल्यांदा वापरलेली. तेव्हा तिथल्या शाळांत वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि तणाव होता. एकमेकांवाचून अडेल असं काम दिलं तर मुलं जवळ येतील, हा हेतू. म्हणून धड्याचे तुकडे वाटताना एकाचा तुकडा दुसऱ्याशिवाय अपुरा राहिला पाहिजे. बहुतेक ठिकाणी नुसते परिच्छेद वाटले जातात, आणि मग ते पाळीपाळीने प्रकट वाचन होऊन बसतं.

आणि एक वस्तू जिला पैसेही पडत नाहीत आणि कागदही लागत नाही. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब होतात, कारणांसकट येतात, न बोलणारीही बोलतात. मूल बोलून झाल्यावर थांबायचं, तो थांबा तर आम्ही हमखास गिळतो. ‘छान, बस’ तोंडात तयारच असतं. डब्यातलं वाळूचं घड्याळ मी आता यासाठी वापरते. ते मुलांच्या घाईसाठी दिलंय. मी ते माझ्याकडे तोंड करून ठेवते, वाळू हलतेय तोवर मी बोलायचं नाही.

कापलेला एक तारा. तो का, तर सगळ्यात गाजलेल्या रूटीन्सपैकी एक, ‘आधी मला वाटायचं, आता मला वाटतं’, जशीच्या तशी दिली तर फसते. मुलं हुशार असतात. बाईंना काय हवंय ते ओळखून लिहितात. ‘आधी मला वाटायचं की पाणी वाचवणं महत्त्वाचं नाही, आता मला वाटतं की फार महत्त्वाचं आहे.’ अशा वाक्यांचा गठ्ठा वाचून माणूस निराश होतो. त्यावर उपाय म्हणजे विषय मोकळा न सोडता एका ठरावीक दाव्याला बांधायचा. ‘परिमितीबद्दल’ असं विचारू नका, ‘कोपरा कापल्यावर परिमितीचं काय होतं याबद्दल’ असं विचारा. आणि तिसरी ओळ वाढवायची: कशामुळे बदललं? मग ‘माझी ४० च राहिली म्हणून’ अशी सरळ उत्तरं यायला लागतात. न बदललेलं मतही चालेल हे मुद्दाम सांगावं लागतं.

दुसरी कुरकुर वेळेची. या पद्धतीने ग्लासाला दोन तास लागले. पुस्तकात तो एक परिच्छेद आहे. सगळा अभ्यासक्रम असा होणार नाही आणि तसा आग्रह धरणाऱ्यांच्या वर्गात घटक चाचणीच्या आदल्या आठवड्यात काय चालतं ते जाऊन बघावं. मी एका प्रकरणात एकच जागा निवडते, जिथे दरवर्षी मुलं हमखास अडखळतात अशी. बाकी खडू-फळा. नीट समजावून सांगणं ही काही हलकी गोष्ट नाही, आणि काही गोष्टी सांगूनच कळतात. मूलद्रव्याचं चिन्ह काय हे गटचर्चेने ठरत नाही.

पन्नाशीच्या वर पट असेल तर सगळ्यांचं ऐकणं शक्य नसतं. तिथे आधी प्रत्येकाने एक मिनिट वहीत लिहायचं, मग बाकावरच्या जोडीदाराशी बोलायचं, मग निवडक जोड्या वर्गासमोर. ही फ्रँक लायमन यांची जुनी थिंक-पेअर-शेअर, १९८१ ची. माझ्या अनुभवात यातली लिहिण्याची पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि सगळं तिच्यावरच उभं असतं. ती गाळली की जोडीतला बोलका बोलतो आणि दुसरा ऐकतो.

साहित्याचं विचाराल तर लॅमिनेट केलेलं काही लागत नाही. पाठकोरे कागद, खडू, चिमटे, चौकटीचे कागद, कात्र्या. रूटीनचे तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून फळ्याच्या वर कायमचे लावून टाका, म्हणजे बदली तासाला येणाऱ्यालाही वापरता येतात. मूळ पानं इंग्रजीत आहेत, पण वाक्यं सोपी आहेत. मराठीत आणताना शब्दाला शब्द न लावता मुलं बोलतात तसे प्रश्न करा. एका वर्गात एका वेळी दोनच रूटीन्स चालवा आणि त्या दोन निदान तीन विषयांत फिरू द्या. त्यासाठी सहकाऱ्यांशी बोलावं लागतं, आणि ते या सगळ्यातलं सर्वात कठीण काम आहे.

सुरुवात ‘दिसतं, वाटतं’पासून करा. ‘टग ऑफ वॉर’ घ्याल तेव्हा दोरी आधीच दोन खिडक्यांच्या गजांना पक्की बांधून ठेवा आणि मुलांच्या हातात देऊ नका. कृतीचं नाव ‘रस्सीखेच’ सांगितल्यावर ती ओढणारच.